सिस्टरची दोन वर्षे घराने पेलावीत

आपल्या वस्त्यांमध्ये मुलगी जीएनएम झाली, परिषदेत तिचे नाव नोंदले गेले आणि नोकरी लागली, की घराला वाटते शिक्षण संपले. पहिल्या पगाराच्या आधीच यादी तयार असते. भावाची फी, घरावरचे पत्रे, आईचे औषध, मामाचे उसने. चार-सहा वर्षांनी तीच मुलगी म्हणते, "मला पोस्ट बेसिक करायचे आहे." त्यावर घरातून एकच प्रश्न येतो, "आता कशाला? सिस्टर तर झालीसच ना?"

या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. आम्ही स्वतः डिप्लोमाच्या नर्सेस. वॉर्डातली कामे आम्ही डिप्लोमावरच केली, त्यामुळे डिप्लोमाला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की जिला शक्य आहे तिने पुन्हा कॉलेजात जावे, बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घ्यावी, आणि त्या दोन वर्षांचा भार तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकू नये. दुसरे मतही तितकेच स्पष्ट आहे. कॉलेजात न जाता मिळणारा पदवीचा कागद घरात आणू नये.

हे दार आपल्यासाठीच आहे

आपल्या मुली जीएनएमला जास्त का जातात? बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंग करायचे तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते. वस्तीतल्या शाळेतून दहावी झालेल्या मुलीला सायन्स म्हणजे लांबचे कॉलेज आणि महागडे क्लास. घर म्हणते, आर्ट्स घे. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी आणि गुणांची अट पुरी केली की झाले. म्हणून आर्ट्सची हुशार मुलगी जीएनएमच्या वाटेने नर्स होते. ती वाट तिच्या अकलेने नव्हे, परिस्थितीने ठरवलेली असते.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम पूर्ण वेळ २ वर्षांचा आहे. त्याला बारावी, जीएनएम आणि राज्याच्या परिषदेत परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी लागते. बारावीला सायन्स होते का, हे तो विचारत नाही. सोळाव्या वर्षी जे दार बंद झाले, ते अठ्ठाविसाव्या वर्षी इथे उघडते. पदवीला ५५ टक्के गुण आणि वर्षभराचा कामाचा अनुभव असला की एम.एस्सी. नर्सिंगला अर्ज करता येतो, पुढे पीएच.डी.ही आहे.

ज्या जुन्या भगिनींची बारावी झालेली नाही, त्यांनीही निराश होऊ नये. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिकचा अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी आहे. तो किमान ३ वर्षांचा असून त्याला प्रवेश परीक्षा आहे. बारावी झालेल्यांना २ वर्षांचा आणि फक्त दहावी झालेल्यांना ५ वर्षांचा अनुभव मागितला जातो. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे आणि आपल्या जवळ अभ्यास केंद्र आहे का, ते पाहावे.

पदवीने काय मिळते

वॉर्डात डिप्लोमाची सिस्टर आणि पदवीची सिस्टर शेजारी उभ्या राहून तेच काम करतात. सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, बाळंतपण. मग वेगळे काय? पोस्ट बेसिकच्या दोन वर्षांत मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, आहारशास्त्र, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य हे विषय पुन्हा आणि अधिक खोलात येतात. त्याशिवाय नर्सिंगचे शिक्षण कसे द्यावे, वॉर्डाचा कारभार कसा चालवावा, संशोधन आणि आकडेशास्त्र यांची ओळख होते.

आकडेशास्त्राचा वस्तीला काय उपयोग, असे कोणी म्हणेल. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमधला सिकलसेल घ्या. दुखण्याची लाट आलेल्या मुलाला सलाईन कसे लावायचे, ऑक्सिजन कधी लावायचा, हे डिप्लोमाची सिस्टर जाणते. पण वस्तीत किती जण एएस आहेत आणि किती एसएस, कोणाची सोल्युबिलिटी तपासणी झाली पण पुढची इलेक्ट्रोफोरेसिस राहून गेली, कोणाच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मध्येच बंद पडल्या, हे घरोघर मोजून कागदावर मांडणे वेगळे काम आहे. "आमच्याकडे फार पेशंट आहेत," असे निवेदन दवाखान्यात टेबलावर पडून राहते. घरांची संख्या, तपासण्यांची संख्या आणि गोळ्या न मिळाल्याचे महिने लिहिलेले निवेदन टाळणे अवघड जाते. हे काम शिकलेली सिस्टर आपल्याच गल्लीत राहत असेल, तर वस्तीला आणखी काय हवे?

नोकरीचाही मुद्दा आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत पदवी झालेली नोंदणीकृत नर्स थेट अर्ज करू शकते. डिप्लोमाच्या नर्सला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्या बहुतेक मुली पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये राबतात. त्यांची पाच वर्षेही तिथे मोजली जात नाहीत. नर्सिंग शाळेत शिकवायचे असेल, पाठ्यनिर्देशिका व्हायचे असेल, तरी पदवी लागते. हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आपल्या मुली नर्सिंगच्या बाकांवर मोठ्या संख्येने बसतात. त्यांना शिकवणारी, त्यांच्या इंग्रजीला न हसणारी, त्यांच्या घरची अडचण न सांगता ओळखणारी मॅडम वर्गात उभी राहायची असेल, तर कोणीतरी पुढे शिकलेच पाहिजे.

काय मिळत नाही, तेही ऐका

पदवी आली की पगार दुप्पट होईल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. खासगी रुग्णालयांत पदवीने पगार आपोआप वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी नर्सेसच्या पगाराबाबत शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० पेक्षा जास्त असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांपेक्षा कमी नको. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. आपल्या गल्लीतल्या सिस्टरला विचारा, तिच्या हातात महिन्याला किती पडतात. पगाराची लढाई संघटनेनेच लढावी लागेल, पदवी ती लढाई आपल्यासाठी जिंकून देणार नाही.

हेच अभ्यासही सांगतो. युरोपातल्या ९ देशांच्या ३०० रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या रुग्णालयांत पदवीधर नर्सेसचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त होते, तिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. आणि एका नर्सवर एक रुग्ण वाढला, की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. देश वेगळे, रुग्णालये वेगळी, हे मान्य. पण बोध साधा आहे. शिकलेली सिस्टर हवी आणि पुरेशा सिस्टर हव्यात. एकीच्या गळ्यात चाळीस खाटा घालून तिला पदवीचे प्रमाणपत्र विचारणे हा न्याय नव्हे.

कागदी पदवीपासून सावध

"हजेरीची काळजी करू नका मॅडम, फक्त परीक्षेला या." असे सांगणारे एजंट प्रत्येक शहरात फिरतात. नोकरी सुटत नाही, पगार बुडत नाही, पदवी हातात येते. मोह पडावा असाच सौदा आहे. पण नियम काय आहे? पूर्ण वेळच्या अभ्यासक्रमात परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पुरी करावी लागते. जी हजेरी लागलीच नाही ती कागदावर कोणीतरी खोटी लिहिलेली असते. ते उघडकीस आले तर एजंट हजर नसतो. नाव, नोंदणी आणि नोकरी सिस्टरची जाते. उघडकीस आले नाही, तरी न शिकलेले रुग्णाच्या उशाशी उघडे पडतेच.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी या गोष्टी स्वतः तपासा :

१. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या त्या वर्षीच्या यादीत कॉलेजचे नाव पोस्ट बेसिकसाठी आहे का? जीएनएमची मान्यता म्हणजे पोस्ट बेसिकची मान्यता नव्हे.
२. महाराष्ट्रातले कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का?
३. प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात होतात? तिथे जाऊन वॉर्डात विद्यार्थिनी दिसतात का, ते पाहा.
४. फी, हॉस्टेल, गणवेश, परीक्षा असा सगळा खर्च लेखी देतात का? पावती मिळते का?
५. सध्याच्या रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली असतील तर आधी ती लेखी मागा. तुमची मूळ कागदपत्रे तुमची आहेत, ती तारण ठेवून घेण्याचा हक्क मालकाला नाही.

पदवी झाल्यावर वाढीव अर्हतेची नोंद परिषदेत करायला विसरू नका.

पैशाचा हिशेब

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पोस्ट बेसिकलाही चालते, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. नोकरी करणाऱ्या सिस्टरचे घर ही मर्यादा सहज ओलांडते आणि ती अर्जच करत नाही. मर्यादेच्या वर उत्पन्न असले तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत, म्हणजे फ्रीशिप, राज्यात आहे. महाडीबीटीवर दोन्ही योजना पाहा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला या सवलती सहसा मिळत नाहीत, म्हणून शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतूनच जागा घ्या.

कागदपत्रांची तयारी वर्षभर आधी करा. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत. पण जातीचा दाखला योग्य नमुन्यात हवा आणि जात वैधता प्रमाणपत्र हवे. लग्न झालेल्या भगिनींना वडिलांच्या बाजूचे कागद लागतात. माहेरचे नाव, सासरचे नाव यांचा मेळ बसत नाही आणि अर्ज अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलल्याचे राजपत्र आधीच काढून ठेवा. सरकारी सेवेत असलेल्या भगिनींनी अध्ययन रजा आणि प्रतिनियुक्तीची चौकशी अधिसेविकांकडे लेखी अर्जानेच करावी. तोंडी विचारले की तोंडी नकार मिळतो.

घराने काय करावे

सवलत फीची मिळते, बुडालेल्या पगाराची मिळत नाही. म्हणून कित्येक जणी रात्रपाळी करून दिवसा कॉलेज गाठतात. घर त्याचे कौतुक करते, "किती कष्टाळू पोर आहे!" आम्हाला मात्र भीती वाटते. रात्रभर जागलेली, दुपारी न झोपलेली सिस्टर पुन्हा रात्री वॉर्डात उभी राहते आणि इन्सुलिनचे युनिट मोजते. तिथे एका आकड्याची चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, आणि तिच्या स्वतःच्या शरीराचे जे व्हायचे ते होतेच. हे कष्ट कौतुकाचे नाहीत.

बाबासाहेबांनाही लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. इकडे घर रमाईंनी ओढले. कमावणाऱ्या माणसाने पुन्हा विद्यार्थी होणे आपल्याला नवे नाही. नवे इतकेच की या वेळी शिकणारी घरातली बाई आहे. मग या वेळी घर कोण ओढणार, याचे उत्तर पुरुषांनी द्यावे.

आमची मागणी मोठी नाही. प्रवेशाच्या वर्षभर आधी घराने एकत्र बसून दोन वर्षांचा खर्च मांडावा. भावाने, नवऱ्याने घरखर्चाचा तिचा वाटा दोन वर्षे उचलावा. सासूबाईंनी आणि आईने मुलांची शाळा वाटून घ्यावी. परीक्षेच्या महिन्यात पाहुणे आणि समारंभ तिच्या अंगावर टाकू नयेत. बचत गटाने पोरीच्या लग्नाला जसे कर्ज दिले असते, तसेच तिच्या शिक्षणाला द्यावे. विहारात अभ्यासिका असेल तर तिथे एक टेबल तिच्यासाठी राखून ठेवावे. दहावीच्या पोरांबरोबर पस्तिशीची सिस्टर अभ्यासाला बसलेली दिसली, तर पोरेही सरळ बसतील.

आणि पदवी घेणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे असे, की शिकून झाल्यावर महिन्यातला एक रविवार वस्तीला द्या. रक्तदाब आणि साखर तपासा, लोकांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचून समजावून सांगा आणि वहीत नोंद ठेवा. त्याच वहीतून उद्याचे निवेदन तयार होईल.

तुमच्या घरात जीएनएम झालेली मुलगी, सून किंवा बहीण असेल, तर हा अंक बंद करण्याआधी तिला एवढेच विचारा, "तुला पुढे शिकायचे आहे का?" उत्तर "हो" आले, तर वही घ्या आणि हिशेब मांडायला तिच्याबरोबर बसा.