वजन हलकं, पण उजेडाचं काय?

पहिली ‘मोठी’ लेन्स घ्यायची, तीही ईएमआयवर, असं चाललंय? मग आधी साधा हिशेब मांडा.

कॅननची आरएफ ६०० एमएम एफ/११ ही २०२० मध्ये आलेली प्राइम लेन्स फक्त ९३० ग्रॅमची. त्याच कंपनीची ६०० एमएम एफ/४ तीन किलोच्या वर, आणि किंमत लाखांत. भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाताना पहिली सॅकमध्ये सहज बसते.

पण वजन फुकटात कमी होत नाही. एफ/४च्या तुलनेत एफ/११ मधून साधारण आठवा हिस्सा उजेड आत येतो. मोठ्या लेन्सला आयएसओ ८०० पुरतो, तिथे हिला ६४०० लागतो. अॅपर्चर कायम एफ/११च, बदलता येत नाही. साडेचार मीटरच्या आत फोकस होत नाही. पावसापासून वाचवणारं सीलिंगही नाही.

आमचं मत विचाराल तर उन्हातल्या पक्ष्यांसाठी ही लेन्स झकास. पक्ष्यांच्या अंगावर न जाता, त्यांना न उडवता फोटो मिळतो, हे तर फारच चांगलं. पण गॅदरिंगचं स्टेज, संध्याकाळच्या मॅचेस, पावसाळी ट्रेक हेच तुमचं काम असेल, तर हिचा नाद सोडा.

आणि ठरवण्याआधी एक दिवस भाड्याने घ्या. सकाळी साडेसहाला आणि दहाला एकाच जागी पक्षी टिपा, दोन्ही फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघा. हप्ते भरायचे की नाही, ते तिथेच कळेल.