सूर्य सगळ्यांचा, मग सातबारा कुणाचा?

जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौरऊर्जेची क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. आम्हाला त्याचा आनंदच आहे. कोळशाच्या राखेशेजारी कुणाच्या वस्त्या असतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण आंबेडकरी माणूस आकडा ऐकून टाळ्या वाजवत बसत नाही. तो विचारतो, ही पॅनेल कुणाच्या जमिनीवर उभी राहतात?

महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चालू आहे. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते. खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान.

हे गायरान कसतो कोण? बौद्ध, मातंग, पारधी, भटके. याच भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह उभे केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनानेच २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. तरीही कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही. कागद नाही म्हणून भाडे नाही, भरपाई नाही. हातात पडते ती नोटीस. वीज जाते विहीर आणि पंप असलेल्याकडे, जमीन जाते काहीच नसलेल्याची. याला विकास म्हणायचे?

अधिकारी जगपाल सिंग खटल्याच्या २०११ च्या निकालाकडे बोट दाखवतात. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, तर ती जमीन नियमित करण्याचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने त्यातच ठेवला आहे.

‘दुसरा मार्ग नाही’ हेही खोटे. पॅनेल उंचावर बसवून खाली पीक घेण्याचे प्रयोग भारतातही झाले आहेत. बाजारातले पॅनेल साधारण २० ते २२ टक्के ऊन विजेत बदलते. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेल्या सेलने प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले आहेत. हे तंत्र बाजारात येईल तेव्हा तेवढ्याच विजेला कमी जमीन लागेल. म्हणजे विज्ञान वाट देते आहे. अडवते आहे ती जात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. त्यांचे अनुयायी विजेच्या विरोधात कसे असतील? आमचे म्हणणे एवढेच आहे: आधी १९९१ च्या निर्णयाखालचे दावे निकाली काढा, मग गायरान मोजा. कसणाऱ्याला खासगी मालकाइतकेच भाडे द्या. जिथे जमेल तिथे पॅनेलखाली त्यालाच पेरू द्या.

आणि बांधवांनो, ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा ठराव येईल त्या दिवशी घरी बसू नका. दंडाच्या जुन्या पावत्या आणि पीकपाहणीचे उतारे घेऊन जा. आपली हरकत इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम!