विश्लेषण : अहवाल सादर केला की शास्त्रज्ञाची जबाबदारी संपते?

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो बळी गेले. दुसऱ्याच दिवसाच्या तारखेने केंद्राने पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली. तीही सहाव्यांदा, आणि पुन्हा मसुदाच. (बरोबर दहा वर्षांपूर्वी, याच तारखेला माळीण गाडले गेले होते.) त्यामुळे माधव गाडगीळ समितीच्या अहवालाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

अहवालाचे काय झाले?

२०१० मध्ये नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. मंत्रालयाने तो दडवून ठेवला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. मे २०१२ मध्ये अहवाल खुला झाला. त्यानंतर तीन महिन्यांतच कस्तुरीरंगन समिती नेमली गेली!

दोन समित्यांत फरक काय?

गाडगीळ समितीने सुमारे १ लाख २९ हजार चौ. किमीचा संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी केल्या. कस्तुरीरंगन समितीने उपग्रह नकाशांच्या आधारे सुमारे ३७ टक्के भागच निवडला. पण खरा मतभेद आकड्यांचा नव्हता. सीमा आणि निर्बंध ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावेत, अहवाल स्थानिक भाषांत पोचवावा, असे गाडगीळांचे म्हणणे होते. सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी तर आपणहून संवेदनशील क्षेत्रात येण्याचे ठराव केले होते. आर्थिक निर्णयांत स्थानिकांना स्थान नाही, या कस्तुरीरंगन अहवालातील भूमिकेवर गाडगीळांनी २०१३ मध्ये जाहीर पत्र लिहून टीका केली. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञाने दुसऱ्या शास्त्रज्ञाला असे उघड सुनावणे आपल्याकडे दुर्मीळच.

मग विरोध का झाला?

अहवाल मूळ इंग्रजीत, तोही तांत्रिक. लोकांच्या भाषेतला मजकूर वेळेत गावागावांत पोचला नाही. त्याआधी ‘घरे-शेती जाणार’ ही आवई पोचली. खाणमालकांचा दबाव होताच, पण केरळात रस्त्यावर उतरलेले बहुतांश लहान शेतकरी होते. भाषांतर सरकारने करावे ही अपेक्षा रास्त असली, तरी दडवलेल्या अहवालाबाबत ती भाबडी ठरली.

महाराष्ट्रात काय?

सहाव्या मसुद्यात राज्यातील १७,३४० चौ. किमी क्षेत्र आहे. काही गावे वगळावीत ही राज्याची मागणी जुनीच. मसुद्यावर हरकतींसाठी मुदत होती ६० दिवसांची, ऐन भातलावणीच्या हंगामात सुरू झालेली.