उंबऱ्याला चापट नको

नातू उंबऱ्याला अडखळून पडला की आजी उंबऱ्यालाच चापट मारते. रडे थांबते खरे. परंतु आपल्या दुखण्याला कोणीतरी दोषी असतो, त्याला मारले की बरे वाटते, एवढेच मूल त्यातून शिकते. त्याऐवजी जवळ घेऊन ‘लागलं ना? घाबरलास का?’ असे विचारावे. भावनेला नाव मिळाले की ती आवरणे सोपे जाते.

दुसऱ्याचे मन मुलाला फार लवकर उमगू लागते. १९९७ मधील रेपाचोली व गॉपनिक यांच्या प्रयोगात दीड वर्षाच्या बहुतेक मुलांनी, स्वतःला बिस्किटे आवडत असूनही, ब्रोकोली आवडते असे दाखवणाऱ्या व्यक्तीला ब्रोकोलीच दिली. म्हणून गुडघे दुखत असता ‘काही नाही झालं’ म्हणू नये. ‘आज दुखताहेत, काठी आणतोस?’ असे सांगावे. उलटी आणली तरी चालेल.