मोबाईलवर तुमच्यासमोर खेळतंय कोण? ‘बॉट’ चाल कशी शोधतो, समजून घ्या

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. त्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम मात्र सुरू राहिले.

पण रमीत पैसे घालवलेल्या अनेकांचा एक प्रश्न तसाच राहिला: समोर माणूस होता की बॉट? आणि बॉट असेल, तर तो हुशार होता की लबाड? उत्तर शोधायचं तर बॉट चाल कशी ठरवतो, ते आधी बघावं लागेल.

हे ‘झाड’ काय प्रकरण आहे?

फुली-गोळा घ्या. पहिल्या चालीला 9 पर्याय, मग 8, मग 7. प्रत्येक पर्यायाला पुढच्या पर्यायांच्या फांद्या फुटतात, म्हणून याला ‘ट्री’ म्हणतात. फुली-गोळ्याचे एकूण 2,55,168 डाव होऊ शकतात. कॉम्प्युटर ते सगळे क्षणात तपासतो. आपली पाळी असेल तिथे तो स्वतःच्या फायद्याची फांदी धरतो. समोरच्याची पाळी असेल तिथे तो आपलं जास्तीत जास्त नुकसान करेल, असं गृहीत धरतो. म्हणूनच असा बॉट फुली-गोळ्यात कधीच हरत नाही.

बुद्धिबळात हे जमत नाही. पहिल्या चालीला 20 पर्याय असतात. दोघांच्या दोन-दोन चालींनंतर डाव 1,97,281 वाटांनी पुढे गेलेला असू शकतो. त्यामुळे बॉट ठरावीक खोलीपर्यंतच बघतो आणि वाईट ठरलेल्या फांद्या छाटतो. एका उत्तरानंच चाल फसते हे कळलं, की बाकीची उत्तरं तपासत बसायची गरज उरत नाही. 1997 मध्ये कास्पारोव्हला हरवणारा ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत होता.

‘गो’ या खेळात फांद्या त्याहून कितीतरी जास्त. तिथे वेगळी युक्ती चालली: सगळं झाड न बघता आशादायक फांद्यांवर पुन्हा पुन्हा डाव खेळून बघायचा आणि जिथून जास्त वेळा जिंकतो तिकडे जायचं. हिला ‘मॉन्टे कार्लो ट्री सर्च’ म्हणतात. याच युक्तीला न्यूरल नेटवर्कची जोड देऊन ‘अल्फागो’नं 2016 मध्ये ली सेडॉलला 4-1 असं हरवलं.

असा बॉट बनवणं किती अवघड आहे?

वाटतं त्यापेक्षा सोपं. कारण शोधाचा कोड आता ‘लायब्ररी’ म्हणून तयार मिळतो. गुगल डीपमाइंडनं 2019 मध्ये आणलेली ‘ओपनस्पील’ ही अशीच एक मोफत लायब्ररी.

समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला आपल्याकडचा वाघ-बकरी मोबाईलवर आणायचा आहे. तिला चारच गोष्टी लिहून द्याव्या लागतात: आत्ता कोणत्या चाली चालतात, चाल केल्यावर पट कसा बदलतो, डाव संपला का आणि जिंकलं कोण. पुढचा शोध लायब्ररी घेते. ‘सोपा’ आणि ‘अवघड’ ही बटणंही त्यातूनच तयार होतात. बॉटला विचाराला कमी वेळ दिला की तो सोपा, जास्त दिला की अवघड.

वाघ-बकरीचे नियम गावागणिक बदलतात आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी बॉट लिहीत बसणार नाहीत. हे काम इथल्याच कुणीतरी करायचं आहे. नेपाळमधल्या ‘बाघचाल’चं उदाहरण समोर आहे. 25 जागा, 4 वाघ आणि 20 बकऱ्यांचा हा खेळ संशोधकांनी कॉम्प्युटरवर सोडवला. दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, असं त्यातून सिद्ध झालं.

मग रमीत काय वेगळं आहे?

बुद्धिबळात पट दोघांनाही दिसतो. रमीत समोरच्याची पानं झाकलेली असतात. प्रामाणिक बॉटलाही ती दिसत नाहीत. ‘याच्याकडे ही पानं असतील, किंवा ती असतील’ अशा अनेक शक्यता धरून तो प्रत्येकीसाठी शोध घेतो. हे जमू शकतं. 2017 मध्ये ‘लिब्राटस’नं पोकरमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, तेही समोरची पानं न बघता.

लबाड बॉटला एवढे कष्ट लागतच नाहीत. पानं वाटतो सर्व्हर आणि बॉटही त्याच सर्व्हरवर. एका ओळीच्या कोडनं त्याला तुमची पानं दाखवता येतात. दोघांच्या चाली स्क्रीनवर सारख्याच दिसतात. हारलेल्या माणसाला फरक कळायचा काही मार्ग नाही.

म्हणून प्रश्न बॉट किती हुशार आहे, एवढाच नाही. त्याला काय दिसतं, हे कोण तपासतं? पैसे न लावता खेळायचे गेमही जाहिराती दाखवून आणि वस्तू विकून कमावतात. तुम्हाला थोडं हरवून, थोडं जिंकवून खेळत ठेवणं त्यांच्या फायद्याचं असतं.

ॲप उघडल्यावर दोन गोष्टी बघा. समोर बॉट आहे, हे स्पष्ट लिहिलंय का? आणि पत्त्यांच्या खेळात पानं कशी पिसली जातात, याची बाहेरच्या कुणी तपासणी केली आहे का? दोन्ही नसेल, तर करमणूक म्हणून खेळा; हार-जीत मनावर घेऊ नका.