कोरडी सकाळ आणि ओली दुपार

मोटारींच्या शर्यतीविषयी मी लिहावे, याचे माझ्या स्नेह्यांना हसूच येईल. दांडिया बाजारातून सायकल काढतानासुद्धा माझा हात ब्रेकवरून हलत नाही. परंतु गेल्या वर्षी अमेरिकेत, कॅन्सस राज्यात राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडे मी महिनाभर होतो, आणि तिथे एका रविवारी जे पाहिले ते अद्याप मनातून जात नाही. प्रश्न मोटारींचा आहे खरा. पण त्याच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे, म्हणून हा खटाटोप.

या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. विमानांच्या एखाद्या जुन्या धावपट्टीवर नाहीतर मोठ्या वाहनतळावर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. एकेक गाडी सुटते आणि तिची झुंज घड्याळाशी असते. फेरी साधारण मिनिटभराची; सेकंदाचा हजारावा भागदेखील मोजला जातो. एक शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. सारा मामला हौशी. एका तुकडीची पाळी चालू असताना दुसऱ्या तुकडीतले स्पर्धक स्वतः उन्हात उभे राहून पडलेले शंकू जागेवर ठेवतात. दुपारी ती माणसे गाडी हाकतात आणि सकाळची मंडळी शंकू उचलतात. हे दृश्य मला फार आवडले.

गाड्या नाना तऱ्हेच्या, म्हणून त्यांचे गट पाडलेले असतात. पण गटातल्या पाच-सहा जणांत पहिला येऊन कोणाचे समाधान होत नाही. सगळ्यांत पहिला कोण, हे हवेच असते. त्यासाठी प्रत्येक गटाला एक गुणक दिलेला आहे. त्याला ‘पॅक्स’ म्हणतात. गुणक ०.८ असलेल्या गाडीने साठ सेकंद घेतले तर ते अठ्ठेचाळीस धरायचे. आपल्याकडे डकवर्थ-लुईसचा हिशेब घरोघर ठाऊक आहे, तेव्हा ही युक्ती वाचकांना परकी वाटणार नाही. गुणक ठरतात ते मोठमोठ्या स्पर्धांच्या निकालांवरून. सर्वांना सारखीच जमीन मिळाली, हे त्यात गृहीत असते.

त्या रविवारी नेमके हे गृहीतच कोसळले. सकाळच्या तुकडीला कोरडे काँक्रीट मिळाले. दुपारी माझ्या पुतण्याच्या तुकडीची पाळी आली आणि आभाळ फुटले. त्याची गाडी माझदा मियाटा; जुनी, हलकी, दोन माणसांची, मागच्या चाकांवर चालणारी. आपल्या गटात तो पहिला आला. एकत्रित यादीत मात्र एकोणिसावा. त्याच्या वरचे बहुतेक जण सकाळचे; आणि भर पावसात धावूनही जो वर चढला, त्याच्याकडे चारही चाकांना जोर देणारी सुबारू होती. वर्षभराचे गुण त्या मंडळात एकत्रित यादीवरूनच मोजतात. परत येताना पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी ही विकून सुबारूच घ्यावी म्हणतो.” ज्या गाडीचा एकेक स्क्रू त्याने स्वतःच्या हाताने पिळला, तिच्याविषयी तो हे बोलत होता!

ओल्या जमिनीने असे का व्हावे? पुतण्याने रात्री जेवणाच्या टेबलावर मिठाची डबी पुढे-मागे सरकवून मला ते समजावले. गाडीने वेग घेतला की तिचा भार मागच्या चाकांवर रेलतो. कोरड्या जमिनीवर जोराने वेग घेता येतो, म्हणून भारही पुष्कळ रेलतो आणि मागची चाके जमीन घट्ट धरतात. ओल्यात तेवढा वेग घेताच येत नाही. भार रेलत नाही, चाके जागीच फिरतात आणि गाडीची शेपटी बाजूला पळते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत इंजिनाचे ओझे त्याच चाकांवर बसलेले असते, म्हणून ओल्यात ती सावरून निघते. कोरड्यात मात्र त्याच दोन टायरांना ओढायचेही असते आणि वळायचेही, आणि तिथे ती थकतात. चारही चाकांना जोर वाटून दिलेली गाडी निसरड्यावर राणी. कोरड्यात तेच जादा दांडे आणि दातेरी चक्रे अंगावरचे ओझे होते. म्हणजे उत्तम गाडी कोणती, हे गाडी पाहून सांगता येत नाही. आधी जमीन पाहावी लागते.

मोठ्या शर्यतींच्या इतिहासातही हेच दिसते. ऑडीची चारही चाकांवर चालणारी क्वाट्रो १९८० साली पुढे आली आणि रॅलीचे जग उलटेपालटे झाले. तरीही १९८३ साली लान्सियाने मागच्या चाकांवर चालणारी ०३७ ही गाडी घेऊन उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. डांबरी रस्त्यांवर ती भारी पडली. पुढे १९९६ साली ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत ऑडीच्या ए-४ क्वाट्रोने बाजी मारली, तेव्हा तिच्यावर जादा वजन लादले गेले आणि अखेर १९९८ पासून चारही चाकांच्या जोरावर बंदीच आली. धंदेवाईकांना हे परवडते. त्यांच्यापाशी पैसा आहे, अभियंते आहेत. हौशी माणसाने आहे तीच गाडी घेऊन यायचे असते. त्याला बंदी घातली तर तो घरी बसेल, आणि दरसाल नवी गाडी घे म्हटले तर खेळ थैलीचा होईल.

कोणी म्हणेल, पाऊस हा दैवयोग. खेळ म्हटला की दैव आलेच. पूर्वी क्रिकेटची खेळपट्टी झाकत नसत. रात्री पाऊस पडला की सकाळी भल्याभल्या फलंदाजांची त्रेधा उडे, आणि लोक ते हसून सोसत. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. दैव सोसावे, हे खरे. पण दैवाला गुणवत्तेचा शिक्का मारू नये. नाणेफेक हरलेला कप्तान निदान जाणतो की आपण नाणेफेक हरलो. इथे मात्र हजाराव्या भागापर्यंतचे आकडे छापून पोराला सांगितले जाते की तू एकोणिसावा आहेस. घड्याळाने बरोबर मोजले. पण काय मोजले? त्याची अर्धी कसोटी, आणि अर्धा पाऊस.

आमच्या बडोद्याला आखाड्यांची परंपरा आहे. आखाड्यातली माती कधी ओली असते, कधी भुसभुशीत; तरी कुस्तीत अन्याय होत नाही, कारण दोन्ही मल्ल एकाच क्षणी एकाच मातीत उभे असतात. ऑटोक्रॉसमध्ये प्रत्येकाची माती वेगळी, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. पाऊस नसला तरीही! काँक्रीटवर पहिल्या गाड्या धूळ झाडतात आणि मागून येणाऱ्यांना स्वच्छ, रबर बसलेली वाट मिळते. मऊ मातीवर बहुधा उलटे. पहिल्यांना सपाट जमीन आणि मागच्यांना चाकोऱ्या. आपल्याकडचे ऑटोक्रॉस तर बहुतेक मातीवरच होते आणि गट बहुधा इंजिनाच्या क्षमतेवरून पाडतात. इंजिनात किती जोर आहे हे त्यावरून कळेल. तो जमिनीला किती लागेल, हे कळणार नाही.

ओल्या जमिनीसाठी वेगळा गुणक काढावा, असेही काहींचे म्हणणे आहे. पण जमीन ओली केव्हा म्हणायची? पहिल्या थेंबाला की पाणी साचल्यावर? दर पाच मिनिटांनी ती बदलते. मला उपाय साधा दिसतो. एका गटाच्या साऱ्या गाड्या एकाच तुकडीत, एकापाठोपाठ सोडाव्यात. फेरीगणिक त्यांचा क्रम उलटा करावा. मातीवर किंवा पावसाळी दिवसांत स्पर्धा असेल तर गट पाडताना जोर कोणत्या चाकांना मिळतो हेही पाहावे. आणि ज्या दिवशी तुकड्यांच्या मधे जमीन पालटली, त्या दिवशी एकत्रित यादी हवी तर मौजेखातर लावावी, पण तिचे गुण वर्षाच्या हिशेबात धरू नयेत. गटातला निकाल तेवढा खरा मानावा. नेब्रास्कातल्या लिंकन येथे या खेळाची जी राष्ट्रीय स्पर्धा भरते, तिथेही विजेते गटवार ठरतात. दोन दिवस, दोन निराळ्या वाटा आणि दोन्हींवरच्या उत्तम वेळांची बेरीज. एका सरीने माणसाचे वर्ष बुडू नये, एवढी काळजी त्यात दिसते.

या खेळात मिळते काय? एखादे छोटे चषक, नाहीतर पाटी. म्हणून कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीसाठी न्याय-अन्यायाचा काथ्याकूट कशाला. मला उलट वाटते. जिथे पैसा नाही, तिथे माणूस केवळ खऱ्या निकालासाठी येतो. तोही मिळाला नाही तर त्याने यावे कशाला? माझ्या पुतण्याने मंडळाला वरच्यासारखेच पत्र लिहिले आहे. उत्तर यायचे आहे. तोवर मियाटा विकू नकोस, एवढे मी त्याला बजावून आलो आहे.