पॉलिश पुरे, पट्ट्या उघडा

पावसाळा सरला की मुंबई-गोव्यातल्या हौशी शिडाच्या बोटींवर साफसफाई सुरू होते आणि पहिला मान मिळतो पॉलिशच्या डब्याला. कठड्याचे दांडे, विंच, टर्नबकल, सगळं लखलखीत. फोटोही झकास येतात.

डोलकाठीला मात्र या लखलखाटाचं काही सोयरसुतक नसतं. तिला धरून ठेवणाऱ्या तारांचा सगळा ताण येतो चेनप्लेटवर, म्हणजे डेकमधून आरपार जाऊन सांगाड्याला बोल्टने आवळलेल्या पट्टीवर. या पट्टीच्या स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साईडचा अतिसूक्ष्म पापुद्रा. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. पण खारं पाणी शिरून साचलं आणि हवा पोचली नाही, की पापुद्रा जातो आणि धातू आतून पोखरला जातो. ३१६ प्रतीचं महागडं स्टीलही यातून सुटत नाही. त्यामुळे पट्टी डेकच्या वर चकाकते, खालीही ठीक दिसते, आणि नेमक्या मधल्या बोटभर जागेत, सीलंटच्या आड, सडते. तारही बहुधा टोकाला दाबून बसवलेल्या फिटिंगच्या तोंडाशीच तुटू लागते. एकोणीस पदरांपैकी एक जरी तुटला तरी ती तार बाद. त्यावर चिकटपट्टी गुंडाळणारे महाभाग आहेत. ती पाणी धरून ठेवते, हवा अडवते, आणि वर तुटलेला पदर झाकते!

सप्टेंबर २०१८ मध्ये जगप्रदक्षिणेच्या स्पर्धेत, दक्षिण हिंदी महासागरात, भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ बोटीची डोलकाठी मोडली. त्याच वादळात स्पर्धेतल्या आयरिश खलाशाचीही मोडली. तिथे वादळच तसं होतं. किनाऱ्यापासून दोन मैलांवर, मध्यम वाऱ्यात काठी आडवी झाली तर समुद्राकडे बोट दाखवता येणार नाही.

तारा साधारण दहा वर्षांनी बदलाव्यात, असा नौकानयनात रूढ संकेत आहे. आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत त्याहून आधी. तेव्हा शर्यतीपूर्वी लाइफ जॅकेट तपासणाऱ्या क्लबांनी तारा कधी बदलल्या हेही विचारावं. पट्टी काढायची तर केबिनमधलं फर्निचर खोलावं लागतं, ही मालकांची तक्रार खरी आहे. खोला. दरवर्षी निदान एक पट्टी उपसून पाहा. ती सडकी निघाली तर उरलेल्यांबद्दल वाद घालू नका.